इंग्रजीशी गट्टी : गिव्ह अप



परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर वाक्य लिहिलं : 'माय फादर गेव्ह अप टोबॅको.' एकाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "बाई, माझ्या वडिलांनी तंबाखू वर दिली." सगळा वर्ग खो-खो हसला. तो बिचारा मान खाली घालून बसला.

पण त्याचं फारसं चुकलं नव्हतं. गिव्ह म्हणजे देणं आणि अप म्हणजे वर. गंमत अशी, की हे शब्द जोडीनं आले की अर्थ बदलतो. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. आपल्या मराठीतही बघा ना! 'सोडून देणं' यात 'देणं' आहेच. पण कोण कुणाला काय देतं?

याचे तीन उपयोग लक्षात ठेवा.

१) सवय सोडणं : 'ही गेव्ह अप स्मोकिंग.' इथे 'टू स्मोक' चालत नाही हं!

२) आपली जागा किंवा वस्तू दुसऱ्यासाठी सोडणं : १ डिसेंबर १९५५. अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. तिथे बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी कृष्णवर्णीयांना उठावं लागे. रोझा पार्क्स उठल्या नाहीत. 'शी रिफ्यूज्ड टू गिव्ह अप हर सीट.' त्यांना अटक झाली.

३) हार मानणं : मग तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस कुणी पायी गेले, कुणी मिळेल त्या मोटारीतून. 'दे डिड नॉट गिव्ह अप.' अखेर डिसेंबर १९५६ मध्ये बसमधला तो भेदभाव कायद्यानं संपला.

आणखी एक. 'इट' आलं तर ते मधे बसतं : 'गिव्ह इट अप.' 'गिव्ह अप इट' म्हणायचं नाही.

मधल्या सुट्टीत तो मुलगा हळूच माझ्याजवळ आला. "बाई, फळ्यावरच्या वाक्यातल्या वडिलांनी सोडली. माझे बाबा सोडत नाहीत. त्यांना काय लिहू?"

मी त्याच्या वहीत लिहून दिलं, 'बाबा, प्लीज गिव्ह इट अप.' त्यानं ते दोनदा वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं, 'बाबा, सोडून द्या ना.'

बाबांनी अजून सोडलेली नाही. पण तो रोज वही दाखवतो म्हणे. गिव्ह अपचा तिसरा अर्थ त्याला पक्का समजलाय!

आता तुम्ही तिन्ही अर्थांची एकेक वाक्यं करा आणि आई-बाबांना वाचून दाखवा.

— तुमच्या बाई