फुलांचे लिंबू सरबत : उन्हाळ्याची तयारी हिवाळ्यात



लिंबू सरबत शिकवायला कोणी लागत नाही. पाणी, साखर, मीठ आणि लिंबू. घरातले पोरही ते करते. मग या सदरात त्यावर लिहायचे कशाला? कारण वाळवलेल्या फुलांचे लिंबू सरबत नवी मुंबईच्या हॉटेलांत चांगले पैसे मोजून प्यायले जाते, आणि त्यात लागणारी फुले आपल्या कुंपणावर उमलून गळून जातात. ज्या निळ्या सरबतात लिंबू पिळताच ते जांभळे होते, ते फूल म्हणजे आपली निळी गोकर्ण. त्यात जादू काही नाही. या फुलातला निळा रंग आंबट पदार्थाच्या संगतीत जांभळा-गुलाबी होतो, एवढेच.

पण केवळ गंमत म्हणून हा विषय घेतलेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी नवी मुंबईत राबते आहे. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहतात. कोणी बांधकामावर आहे, कोणी रिक्षा चालवतो. खाडीकाठची हवा दमट. तिथे घाम येतो पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी पुरस्कार समारंभासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. ऊन कोणाची गय करीत नाही, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. म्हणून गावाकडून पिशवी जाते, तीत चटणी-लोणच्याबरोबर वाळलेल्या फुलांची एक बरणीही जावी.

कोणती फुले घ्यावीत

गावठी सुवासिक गुलाब, म्हणजे ज्याचा गुलकंद करतात तो. निळी गोकर्ण. तांबडी जास्वंद, तिच्या फक्त पाकळ्या. आणि लाल अंबाडीची बोंडे, म्हणजे फूल गळाल्यावर राहणारे लाल, मांसल आवरण. अंबाडी मुळातच आंबट असल्याने तिच्या सरबताला लिंबू निम्मे पुरते. गोकर्णीचे फूलच तेवढे घ्यावे. तिच्या बिया व मुळी रेचक आहेत, त्या चुकूनही पडू देऊ नयेत.

कोणती घेऊ नयेत

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि रुई ही झाडे विषारी आहेत. कण्हेरीचे विष थेट हृदयावर परिणाम करते आणि वाळवल्याने किंवा उकळल्याने ते जात नाही. दारात कण्हेर असेल तर मुलांना फुले तोडायला एकटे पाठवू नये. हार-गजऱ्यांची, बाजारातली आणि हरितगृहातल्या गुलाबाची फुलेही टाळावीत. ती डोळ्यांसाठी वाढवलेली असतात, पोटासाठी नव्हेत. त्यांवर कीडनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. आपल्या शेताच्या बांधावरची गोकर्णही, शेजारच्या कापसावर वा भाजीपाल्यावर फवारणी झाली असेल तर घेऊ नये. सरबतासाठी लागणारे दोन वेल न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ न लावता परसात वेगळे लावावेत.

वाळवण कसे करावे

दव उडाल्यावर, ऊन चढण्यापूर्वी फुले तोडावीत. देठ, पुंकेसर काढून पाकळ्या मोकळ्या कराव्यात आणि झटकून मुंग्या, किडे निघून गेल्याची खात्री करावी. सुपात किंवा परातीत स्वच्छ फडके अंथरून एकेरी थर पसरावा. वरून मलमलचे पातळ फडके टाकावे व वारा खेळत्या सावलीत ठेवावे. कडक उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. तीन ते पाच दिवसांत पाकळी हातात कुरकुरीत मोडते, तेव्हा वाळवण झाले असे समजावे. अंबाडीची बोंडे जाड असल्याने त्यांना अधिक दिवस लागतात. बरणी काचेची, पूर्ण कोरडी व घट्ट झाकणाची असावी. दोन दिवसांनी उघडून पाहावे. पाकळी मऊ पडली असेल तर पुन्हा वाळवावी. बुरशीचा वास आला तर सारे फेकून द्यावे, निवडत बसू नये. कोकणपट्टीत पावसाळ्यात हे वाळवण साधत नाही. नोव्हेंबर ते मे हाच त्याचा काळ.

सरबताची कृती

सहा पेल्यांसाठी सव्वा लिटर पाणी, वाळलेल्या गुलाबाच्या दोन मोठे चमचे पाकळ्या किंवा गोकर्णीची बारा-पंधरा फुले, आठ-दहा चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि तीन मध्यम लिंबे घ्यावीत.

त्यातले दोन कप पाणी उकळून चुलीवरून उतरवावे. त्यात फुले टाकून दहा मिनिटे झाकून ठेवावे. जास्त वेळ ठेवल्यास तुरटपणा उतरतो. फडक्यातून गाळून घ्यावे आणि गरम असतानाच साखर व मीठ विरघळवावे. उरलेले पाणी माठातले, स्वच्छ असावे. सगळे गार झाल्यावरच लिंबू पिळावे. गरम पाण्यात पिळल्यास वास जातो व क जीवनसत्त्वही कमी होते. साल दाबून पिळू नये, कडू होते. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये. सरबत त्याच दिवशी संपवावे.

लिंबू महाग असेल तर

उन्हाळ्यात लिंबू महागते, कारण मागणी जास्त आणि आवक कमी. एप्रिल २०२२ मध्ये एकेका लिंबाला दहा रुपये पडले होते. बागायतदारांनी हस्त बहार धरला तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांची फळे एप्रिल-मे मध्ये येतात. राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात पुष्कळांच्या परिचयाची आहे. ज्यांची बाग नाही त्यांनी लिंबाऐवजी अंबाडी किंवा आमसूल वापरावे. आमसुलाच्या पाण्यात गुलाबाचा वास चांगला खुलतो.

एवढे मात्र लक्षात ठेवा

फुले रंग आणि सुवास देतात. अंगातून गेलेले पाणी आणि मीठ भरून काढतात ते पाणी, मीठ व साखर. म्हणून फूल नसले तरी चालेल, मीठ मात्र विसरू नये. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी साखर-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि सरबत हे उष्माघातावरचे औषध नव्हे. अंग भाजल्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा ग्लानीत गेला, तर त्याच्या तोंडात काही ओतू नये. ठसका लागून जीव जाऊ शकतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बचत गटातील भगिनींना हे वाळवण विकायचे असेल तर आधी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी. पुडीवर फुलाचे नाव व वाळवल्याची तारीख लिहावी. अमका रोग बरा होतो, असे मात्र लिहू नये. किलोभर ओल्या पाकळ्यांचे वाळून दीडशे-दोनशे ग्रॅमच राहतात, तेव्हा भाव ठरवताना तोडणीची मजुरी आणि घट दोन्ही धराव्यात.

पाऊस पडताच कुंपणाशी गोकर्णीच्या चार बिया टोकून ठेवा. थंडीत बरणी भरेल आणि एप्रिलात ती तुर्भ्याला पोचेल.