भोक बारीक, पण शिवण कच्ची

पित्ताशयातले खडे असोत, अपेंडिक्स असो की गर्भाशयाची पिशवी काढणे असो, पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात. भारतात पित्ताशय काढण्याची अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईत केली. मोठ्या शहरांत आता त्यापुढचे यंत्र, रोबो, आले आहे. नाव ऐकून घाबरू नये. रोबो आपल्या मनाने काही कापत नाही, डॉक्टर बसून त्याचे हात चालवतात. वीतभर चिरेऐवजी पोटावर चार-पाच बारीक भोके पडतात. माणूस लवकर घरी येतो आणि टाके सुकले म्हणून लगेच वैरणीचा भारा उचलतो. घात होतो तो इथे.

कातडी आठ-दहा दिवसांत मिटते. तिच्याखाली पोट आवळून धरणारा चिवट पडदा असतो, तो पक्का व्हायला कित्येक आठवडे लागतात. पोत्याची शिवण जिथे कच्ची, तिथून धान्य बाहेर येते. तसेच त्या भोकातून पोटातली चरबी किंवा आतड्याचा वेढा बाहेर डोकावतो. यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात.

सगळी भोके सारखी नसतात. रोबोच्या हातांची भोके बहुधा ८ मिलिमीटरची. तिथे अंतर्गळ क्वचित होतो, पण होतो. १० मिलिमीटर व त्याहून मोठ्या भोकांचा आतला पडदाही डॉक्टर सहसा शिवतात. सर्वांत जपायचे ते बेंबीजवळचे भोक. ती जागा मुळातच नाजूक, आणि काढलेला अवयव बाहेर घेण्यासाठी पुष्कळदा तेच भोक वाढवतात. लठ्ठपणा, मधुमेह, चिघळलेली जखम, विडी, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांमुळे धोका वाढतो. घरातली बाई विडी ओढत नसेल, पण चुलीच्या धुराने खोकत असते, हे पुरुषांनी ध्यानात घ्यावे.

खोकताना किंवा उभे राहताना टाक्याजवळ फुगवटा दिसतो, आडवे झाले की जिरतो. शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा हे होऊ शकते. आपल्याकडे अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेतात. हे मुळीच करू नये. आत आतडे असेल तर त्याला इजा होते. इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवावे.

गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, वारा सरेना, तर आतडे अडकले असे समजावे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत तर बाहेर गाठ न दिसताही असे होते. मग सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून रात्रीच निघावे, वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये.

घरी आल्यावर खाटेला खिळून राहायचे कारण नाही. पहिल्या दिवसापासून हिंडावे-फिरावे. खोकला आला तर उशी पोटाशी दाबून खोकावे. भरली घागर, ४५ किलोचे युरियाचे पोते, रहाटाचा दोर यांना मात्र साधारण चार ते सहा आठवडे हात लावू नये. मुदत डॉक्टरांकडूनच विचारून घ्यावी, कारण प्रत्येकाची वेगळी असते. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर असतो, त्याचे पोटाला काय, असे पुष्कळांना वाटते. पंप घेऊन उठताना जोर पोटावरच पडतो.