बर्फाविना गुलमर्ग

सहामाहीत गणितात ऐंशी गुण मिळवलेस तर गुलमर्गला नेऊ, असे आम्ही चिरंजीवांस बोलून बसलो होतो. त्यांनी ब्याऐंशी मिळविले! मुख्याध्यापकाने दिलेला शब्द, घरातला असला म्हणून काय झाले, मोडवत नाही. तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब ग्वाल्हेर सोडले. सौभाग्यवतींनी लोकरीचे हातमोजे विणून घेतले होते.

टंगमर्गहून घाट सुरू झाला तरी चालकाने चाकांच्या साखळ्या डिकीतून बाहेर काढल्या नाहीत. आम्ही तेव्हाच ओळखावयास हवे होते. वर पोहोचलो तो समोर पिवळे गवत. मे महिन्यात आमच्या शाळेच्या मैदानावर येते तीच कळा. त्यावर तट्टे निवांत चरत होती आणि लाकडी घसरगाड्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या होत्या. बर्फ म्हणावे असे काही होते ते पार अफरवतच्या शिखरापाशी, सुमारे तेरा हजार फुटांवर. तेथे नवशिक्याचे काय काम?

स्की, बूट आणि शिक्षक यांचे पैसे आम्ही आधीच भरले होते. "बर्फ आहे ना?" असे दूरध्वनीवर दोनदा विचारले, दोन्ही वेळा "भरपूर" असे उत्तर मिळाले. आता दुकानदार म्हणाला, पैसे परत मिळत नाहीत, बर्फ पाडणे आमच्या हाती नाही. आमचा तोल सुटला. येथले सारेच लुटारू, असे आम्ही मोठ्याने बोललो. शेजारी आमच्यासाठी नेमलेला शिक्षक उभा होता, याचे भान राहिले नाही.

तो पस्तिशीचा गृहस्थ काही न बोलता चिरंजीवांस देवदारांच्या सावलीतल्या एका घळीत घेऊन गेला. तेथे वर्गखोलीएवढा बर्फाचा कळकट तुकडा उरला होता. त्यावर चिरंजीव तीनदा घसरले, चारदा पडले आणि तुकडा संपला.

मग गवतावर बसून तो बोलू लागला. २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांना काश्मिरात 'चिल्लई कलान' म्हणतात. त्या दिवसांत पडलेले बर्फ टिकते, उन्हाळ्यात हळूहळू वितळते, झरे आणि ओढे भरते. सफरचंदाच्या बागांना पाणी मिळते ते त्यातून. नंतर पडणारे लवकर वाहून जाते. त्याच्या घरची बाग लहान होती, आणि दुकानातून रोजगार मिळे तो फक्त बर्फ असेल त्या दिवसांचा.

आम्ही खजील होऊन पाचशेची नोट पुढे केली. "जनाब, शिकवलेच नाही, तर फी कसली?" असे म्हणून त्याने हात मागे घेतला. दरमहा बिनबोभाट वेतन घेणाऱ्या मास्तराला हे वाक्य लागावयाचे तसे लागले. लुटारू या शब्दाबद्दल क्षमा मागावी असे फार वाटले, पण जीभ रेटेना. शेवटी ती चिरंजीवांनीच मागितली, आमच्या वतीने.

परतीच्या गाडीत आम्ही भूगोलाचा आसरा घेतला. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे वाऱ्यांचे जे झंझावात गुलमर्गवर बर्फ टाकतात, त्यांच्याच प्रभावाने पुष्कळदा आमच्या ग्वाल्हेरकडे थंडीत पाऊस होतो. येथला शेतकरी त्याला 'मावठ' म्हणतो, आपण मावठा. गव्हाला तो सोन्यासारखा. आजवर आम्हांला त्याची आठवण होई ती छत्री घरी विसरली म्हणजे! चिरंजीव ऐकत होते की झोपले होते, सांगता येत नाही.

महिना सरता सरता गुलमर्गला बर्फ पडले आणि फेब्रुवारीत तेथे 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धाही झाल्या. शिक्षकाने चिरंजीवांच्या भ्रमणध्वनीवर छायाचित्र धाडले. ती घळ कोठे आहे हे त्यात ओळखू येत नव्हते. सौभाग्यवतींनी ते दोनदा निरखून पाहिले आणि ट्रंकेत ठेवलेल्या हातमोज्यांत डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत ना, एवढे विचारले.