नोंद नाही, की वाचता आली नाही?

"लॉगमध्ये नाही म्हणजे झालंच नाही," हे वाक्य गेल्या सेमिस्टरला आमच्या लॅबमध्ये ऐकलं तेव्हा मीही मान डोलावली होती. डोलावणारच! लॉग वाचणारी स्क्रिप्ट मीच लिहिलेली.

झालं असं, की थर्ड इयरच्या एका मुलाचं म्हणणं होतं, असाइनमेंट मी ७ तारखेलाच सर्व्हरवर टाकली. नंतर फाइल पुन्हा सेव्ह केल्यामुळे तिच्यावरची तारीख पुढची झालेली. मग पुरावा उरला एकच, लिनक्सचा लॉगिनचा लॉग. स्क्रिप्ट चालवली. ७ तारखेला त्याचं लॉगिन नाही. मार्क गेले आणि वर खोटारडा ठरला तो वेगळाच.

दोन आठवड्यांनी सहज बघताना लक्षात आलं, की ७ तारखेला कुणाचंच लॉगिन नाही. १ ते ९ सगळा शुकशुकाट! कारण सांगायलाही लाज वाटते. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये तारखेला दोन अक्षरांची जागा असते. तारीख एकआकडी असली की आधी शून्य नाही, मोकळी जागा येते. म्हणजे महिन्याच्या नावापुढे दोन स्पेस. माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एकच होती. जी ओळ जुळत नाही ती स्क्रिप्ट गुपचूप टाकून देत होती. मुलाला मार्क परत मिळाले, पण मेसमध्ये तो अजून माझ्या टेबलावर बसत नाही.

सिसलॉग १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी केला. त्याच्या जुन्या ओळीत वर्ष नसतं, टाइमझोनही नसतो. म्हणजे ३१ डिसेंबरची ओळ जानेवारीत वाचली, तर वर्ष वाचणाऱ्यानं ओळखायचं. २००९च्या नव्या मानकात ही सोय झाली, पण जुन्या ओळी लिहिणारी यंत्रं अजून चालूच आहेत. विंडोजची तऱ्हा वेगळी, तिथला इव्हेंट लॉग बायनरी. तेव्हा स्वतःचं शहाणपण न चालवता तयार लायब्ररी घ्यावी हे खरंच. पण घेताना आपण बघतो काय, तर वेग. माझं मत असं, की न कळलेल्या ओळीचं ती काय करते हे आधी बघा. लॉगस्टॅशचा ग्रोक अशी ओळ फेकत नाही, तिच्यावर 'पार्स फेल्युअर'चा शिक्का मारून पुढे पाठवतो. मला हे प्रामाणिक वाटतं.

आता थोडं विषयांतर. अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी सगळ्यांना माहीत आहे. २९ ऑगस्ट २०२३ला मनोज जरांगे पाटील तिथं उपोषणाला बसले आणि सप्टेंबरमध्ये सरकारनं जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आरक्षणावर होस्टेलच्या प्रत्येक खोलीत वेगळं मत आहे, त्यात मी पडत नाही. मला त्यात दिसला तो लॉगच! ३० ऑक्टोबर २०२३ला सरकारनं आकडा सांगितला: १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या, कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०. कागद निजामाच्या काळातले, लिपी कुठे मोडी, कुठे उर्दू. साल फसली, त्यात ५९० मिळवायचे. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. आपल्या टाइमझोनची कटकट परवडली!

अशा कामात 'सापडली' आणि 'नाही' हे दोन रकाने मला पुरेसे वाटत नाहीत. फाटलेलं पान, पुसलेली शाई, न लागलेलं अक्षर यांचा तिसरा रकाना हवा. तो नसला तर न वाचता आलेलं पान 'नाही'त जमा होतं आणि ज्याच्या पणजोबाचं नाव त्या पानावर असेल तो आमच्या थर्ड इयरवाल्यासारखा खोटा पडतो. मग त्यानं दाद मागायची कुणाकडे? स्क्रिप्टकडे?

आपल्या प्रॅक्टिकलला आउटपुट बरोबर आलं की पूर्ण मार्क मिळतात. सरांना विनंती आहे, टाकून दिलेल्या ओळी किती, हेही विचारा. निम्मा वर्ग गप्प बसेल, मीही बसलो असतो.

माझी स्क्रिप्ट आता शेवटी तीन आकडे छापते: एकूण ओळी, कळलेल्या, न कळलेल्या. न कळलेल्या वेगळ्या फाइलमध्ये जशाच्या तशा राहतात. काल त्या ४१२ निघाल्या. आज जेवण झाल्यावर त्याच घेऊन बसणार आहे.