धीर देणारी पुस्तकं, दोष देणारी पुस्तकं

आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्याकडे शहाळं नेतात, आणि अलीकडे पुस्तकही. ते बहुधा ‘द सीक्रेट’ असतं, नाहीतर त्याच गोत्रातलं एखादं. पैशाची ओढाताण चाललेल्या तरुणाच्या हातात ‘रिच डॅड पुअर डॅड’ ठेवलं जातं. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. माझा विरोध आहे तो त्या पुस्तकांतल्या विचाराला.

रॉन्डा बर्न यांच्या २००६ सालच्या ‘द सीक्रेट’चं सांगणं असं की, माणूस जसा विचार करतो तसंच त्याच्या वाट्याला येतं. स्तनाचा कर्करोग केमो आणि रेडिएशनशिवाय, विनोदी सिनेमे बघत बरा झाला, असं सांगणारी एक बाई त्यात आहे. हे पान अशा बाईच्या हाती पडलं, जिने गाठ लागल्याचं घरात अजून कुणाला सांगितलेलंही नाही, तर? ती तपासणी आणखी पुढे ढकलेल. आणि पुढे आजार बळावला, तर याच तर्काने तिचं मनच कमी पडलं असं ठरतं. पूर्वी याला गतजन्मीचं पाप म्हणायचे, आता निगेटिव्ह थिंकिंग म्हणतात. ठपका रोग्यावरच.

यावर नेहमी म्हटलं जातं, ‘मन खंबीर असलं की औषध लागू पडतं, डॉक्टरही हेच सांगतात.’ सांगतात ना! पण औषधाच्या जोडीला मन आणि औषधाच्या जागी मन, यांत जगण्या-मरण्याचं अंतर आहे. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ वाचा. त्यात ध्यान आहे, आहार आहे, स्वतःच्या धावपळीची कठोर तपासणी आहे. पण लिहिणारा संशोधक आहे, शरीराला विसरत नाही. पद्मजा फाटक यांच्या ‘हसरी किडनी’च्या तर नावातच हसू आहे. पण हसल्याने किडनी बरी झाली, असा दावा त्यांनी कुठेही केलेला नाही. धीर हवा असेल तर तो या पुस्तकांतून मिळतो, आणि त्यासाठी कुणाला दोषी ठरवावं लागत नाही.

पैशाच्या पुस्तकांचंही तेच. राहतं घर खिशातून पैसा काढतं, हे ‘रिच डॅड पुअर डॅड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट कियोसाकी यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण श्रीमंत वेगळा विचार करतात म्हणून श्रीमंत होतात, हे सूत्र मला मान्य नाही. आपल्याकडचं मध्यमवर्गीय घर कितीदा तरी विचारांमुळे नव्हे, हॉस्पिटलच्या बिलामुळे कोसळतं. आणि तिथे उपयोगी पडणारं वाचन कुणी भेट देत नाही: घरातल्या मेडिक्लेमची पॉलिसी.

समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि रूम रेंटची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पेशंटला ६,०००च्या खोलीत ठेवलं. घरच्यांना वाटतं, वरचे ३,००० तेवढे आपण भरू. पण अशा कलमाच्या पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापले जातात, म्हणजे निम्मेच मंजूर होतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हे कळतं, तेव्हा मुलगा मित्रांना फोन लावत उभा असतो. त्याची विचारसरणी कितीही सकारात्मक असली तरी ते कलम बदलत नाही.

आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळू लागेपर्यंतचा काळ, २०२४च्या विमा नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. आईला मधुमेह असेल, तर हा एक आकडा शंभर सुविचारांपेक्षा मोलाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली रुग्णालयं कोणती, तिथे रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र कुठे बसतो, हेही गरज पडायच्या आधीच माहीत हवं.

पॉलिसीची भाषा किचकट असते, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच विमा कंपनीला पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं, आणि मागितलं तर ते आपल्या भाषेतही. ते मराठीत मागून घ्या, आई-वडिलांना शेजारी बसवून वाचा आणि रूम रेंट, वेटिंग पिरियड, न मिळणारे खर्च या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.