ठासणीची बंदूक: घडवावी की घ्यावी?

गेल्या हिवाळ्यात पेनसिल्व्हानियातील माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे पत्र आले. आयुष्यभर महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवून ते आता निवृत्त झाले आहेत. वय अडुसष्ट, उजव्या हाताला अलीकडे किंचित कंप असतो. त्यांना अठराव्या शतकातील घाटाची, चकमकीवर उडणारी, ठासणीची लांब रायफल हवी आहे. ती स्वतः घडवावी की विकत घ्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न. बंदुकीतले मला काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु बंदुकीतले कळणाऱ्यांची मते ऐकून झाली, आता साहित्य शिकवणाऱ्या कोणाचे मत हवे, असे त्यांनी लिहिले होते. उत्तर लिहायला बसलो आणि ते पत्राच्या मर्यादेत मावेना. म्हणून हा लेख.

'ठासणीची बंदूक' ही वस्तू मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नाही. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेल्या अशा बंदुका अनेकांनी पाहिल्या असतील. रंजक, तोडा, गज, तोफेचा कान हे शब्दही ऐतिहासिक कागदपत्रांमुळे आणि कादंबऱ्यांमुळे आपल्या कानांवरून गेलेले असतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, कानाशी रंजक ठेवून ते पेटवायचे. कृती मूलतः हीच. स्नेह्यांना हव्या असलेल्या रायफलीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तोड्याच्या जागी गारगोटी पकडणारा घोडा असतो, तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडतो. आणि नळीच्या आत नागमोडी आटे कोरलेले असतात, त्यामुळे कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि दूर जाते.

ही रायफल अमेरिकेत घडली ती मुख्यतः पेनसिल्व्हानियात, लँकेस्टरच्या परिसरात. जर्मन भाषक प्रदेशातून आलेल्या कारागिरांनी आपल्याकडची आखूड, जाड नळीची शिकारी रायफल सोबत आणली होती. अठराव्या शतकात तिची नळी लांबत गेली, व्यास कमी झाला, दस्त्याला लहरी रेषांचे मेपलचे लाकूड आले आणि त्यावर पितळी झाकणाची छोटी पेटी बसली. पुढे 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवर रचलेल्या एका लोकप्रिय गाण्यामुळे तिला 'केंटकी रायफल' हे नाव चिकटले. घडली एका प्रांतात आणि गाजली दुसऱ्याच्या नावाने, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटू नये.

आता मूळ प्रश्न. 'स्वतःच घडवा' म्हणणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद अस्सलपणाचा असतो. सरहद्दीवरचा तो आद्य वसाहतकार आपल्या हातांनी घर बांधत होता, कातडी कमावत होता; त्याची बंदूक दुकानातून कशी घ्यायची? हे चित्र मोहक आहे, पण चुकीचे आहे. तो शिकारी आपली रायफल घडवत नव्हता; ती तो विकत घेत होता. एवढेच नव्हे, ज्या कारागिराकडून तो घेत असे, तो कारागीरही सगळेच स्वतः घडवत नव्हता. चकमकीचे यंत्र, ज्याला तिकडे 'लॉक' म्हणतात, ते पुष्कळदा इंग्लंडातून वा जर्मनीतून तयार येई. नळ्या बनवणारे वेगळे असत, पितळी भाग ओतणारे वेगळे. निरनिराळ्या हातांनी केलेले भाग एका लाकडात एकजीव करणे, त्यांना घाट देणे, हे रायफल करणाऱ्याचे काम होते. तेव्हा केवळ शिकाऱ्याचे अनुकरण करायचे असेल, तर विकत घेणेच अधिक अस्सल!

अमेरिकन साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध रायफलधारी घ्या. जेम्स फेनिमोर कूपरचा नॅटी बम्पो 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (1826) मध्ये आपल्या लांब बंदुकीच्याच नावाने शत्रूंना परिचित आहे. त्याची 'किलडिअर' ही रायफल त्याच्याकडे येते कशी, ते 'द डिअरस्लेअर' (1841) मध्ये सांगितले आहे: ज्यूडिथ हटर ती त्याला भेट देते. म्हणजे ज्या नायकाने या वस्तूला पुराणकथेचे वलय दिले, त्याने ती घडवलीही नाही आणि विकतही घेतली नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद वॉल्टर बेन्यामिनच्या आधाराने केला जातो, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ असतो: यंत्राने केलेल्या प्रतिकृतीला मूळ वस्तूचे तेजोवलय नसते, म्हणून कारखान्यातली रायफल निष्प्राण. पण बंदुकीच्या बाबतीत हे एवढे सरळ नाही. एकसारखे, परस्परांच्या जागी बसणारे सुटे भाग ही यंत्रयुगाची मूलभूत कल्पना अमेरिकेत वाढली ती बंदुकीच्याच कारखान्यांत. 1798 मध्ये एली व्हिटनीने सरकारला दहा हजार बंदुका पुरवण्याचा करार केला. दोन वर्षांचे काम पुरे व्हायला 1809 उजाडले. सुटे भाग कसेही निवडून जोडता येतात, असे प्रात्यक्षिक त्याने 1801 मध्ये दाखवले खरे; परंतु त्याच्या बंदुकांचे भाग प्रत्यक्षात तसे अदलाबदल करण्याजोगे नव्हते, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. ते साध्य झाले हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात, जॉन हॉलच्या हाताखाली, 1820 च्या दशकात. हातकामाचा सर्वांत देखणा नमुना आणि हातकाम संपवणारी पद्धत, या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूच्या पोटात आहेत. तेव्हा 'हात विरुद्ध यंत्र' या द्वंद्वाने निर्णय होणार नाही.

मग निर्णय कशाने व्हावा? इथे मला डेव्हिड पाय या इंग्लिश लेखकाची मदत होते. ते स्वतः लाकडात काम करत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत. 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' (1968) या पुस्तकात त्यांनी हात आणि यंत्र हा भेद बाजूला ठेवला आणि त्याऐवजी दुसरा मांडला: जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी. काम चालू असताना शेवटच्या क्षणापर्यंत ते बिघडू शकत असेल, तर ती जोखमीची. परिणाम आधीच ठरून गेला असेल, तर ती निश्चितीची. लेखणीने लिहिणे आणि छापणे हे त्यांचेच उदाहरण.

या कसोटीवर स्नेह्यांपुढचे पर्याय तपासून पाहू. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया या खोऱ्यात शतकानुशतके बंदुका होत आल्या आहेत. तिथल्या कारखान्यांतली जुन्या घाटाची नवी रायफल तयार मिळते. हातकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराला सांगून करवून घेता येते. ती महाग पडते आणि वाट पाहावी लागते. तिसरा पर्याय जोडसंचाचा. आता संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे लाकडातल्या खाचा इतक्या नेमक्या कोरतात की लॉक हाताने दाबले तरी जागेवर बसते. उरते ते घासणे, रंगवणे, तेल देणे. चौथा पर्याय: नळी आणि लॉक विकत घ्यायचे, आणि मेपलच्या कोऱ्या फळीतून दस्ता कोरायचा.

या चारही वाटा निंद्य नाहीत. फक्त प्रत्येक वाटेवर आपण नेमके काय घेतो आहोत, हे स्वतःशी प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. जोडसंच घासून तेल दिलेली रायफल 'मी घडवली' म्हणणे हे संपादित प्रतीला दोन तळटीपा जोडून संहिता-संशोधन केल्याचे सांगण्यासारखे आहे. उलट, कोऱ्या फळीत लॉक बसवायचे म्हणजे काय, ते पाहा. धातूच्या कडांना काजळी लावायची, लॉक लाकडावर टेकवून उचलायचे, लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तेवढीच कपची पटाशीने काढायची. पुन्हा काजळी, पुन्हा डाग, पुन्हा कपची. हे दिवसचे दिवस चालते. एक कपची जास्त गेली तर फट राहते, आणि काढलेले लाकूड परत येत नाही. कवितेच्या खर्ड्यावर खोडलेला शब्द परत लिहिता येतो. ही सोय इथे नाही.

हे सगळे साहित्याच्या शिक्षकाने कशाला सांगावे, असे कोणी विचारील. जॉर्जिया राज्यातल्या रेबन गॅप येथील एका शाळेत 1966 मध्ये इंग्रजीच्या वर्गाने एक नियतकालिक सुरू केले. 'फॉक्सफायर' हे त्याचे नाव. पाठ्यपुस्तकाला कंटाळलेली मुले डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्यांच्या तोंडून कामाची वर्णने उतरवून घेऊ लागली. त्या लेखनाच्या पुस्तकमालेतल्या पाचव्या खंडात (1979) लोहारकामाबरोबर चकमकीच्या रायफली करण्याची सविस्तर हकीकत आहे. अचूक शब्द, क्रम, वाक्याची लय या गोष्टी मुले ज्या संहितेवर शिकली, ती एका कारागिराच्या बोलण्याची होती. वस्तू कशी होते हे नीट सांगता येणे ही भाषेची कठीण परीक्षा आहे, आणि आपल्या वर्गांत ती क्वचितच घेतली जाते. आपण तयार कलाकृतीपासून सुरुवात करतो. ती बिघडू शकली असती, याची जाणीव विद्यार्थ्याला होतच नाही.

आपल्या काव्यशास्त्राला मात्र ती होती. मम्मटाने काव्याच्या हेतूंमध्ये प्रतिभा आणि व्युत्पत्ती यांच्यासोबत अभ्यास सांगितला, आणि तो काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यास आहे, हेही सांगितले. विल्यम्सबर्ग येथील ऐतिहासिक वसाहतीच्या बंदूकशाळेत वॉलेस गस्लर यांनी 1960 च्या दशकात लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, सांधून नळी करण्यापासून संपूर्ण रायफल हाताने घडवून दाखवली. त्यावर चित्रपटही निघाला. तुटलेली परंपरा पुन्हा जोडता येते, पण त्यासाठी जाणणारा समोर असावा लागतो. पुढच्या पिढीच्या कारागिरांना असे जाणणारे लाभले, म्हणून ही विद्या आज पुस्तकात अडकून पडलेली नाही.

एक आक्षेप मला डावलता येत नाही. ही वस्तू सुंदर आहे म्हणून निरागस ठरत नाही. या रायफली घेऊन पश्चिमेकडे सरकलेल्या लोकांनी मूलनिवासींच्या जमिनी बळकावल्या. त्याच वेळी मूलनिवासी राष्ट्रेही बंदुका वापरत होती, आणि वसाहतींशी वाटाघाटी करताना बंदुका दुरुस्त करणारा कारागीर द्या, अशी मागणी करत होती; कारण ज्याला वस्तू दुरुस्त करता येत नाही, तो ती देणाऱ्याच्या मुठीत जातो. 'घडवावी की घ्यावी' हा प्रश्न आज फावल्या वेळेचा आहे. त्या काळी कित्येकांसाठी तो अस्तित्वाचा होता. स्नेह्यांनी रायफल घडवताना हे विसरू नये, एवढीच अपेक्षा. विसरायचे असेल तर भिंतीवरची शोभेची बंदूक पुरे.

माझे मत असे. येत्या नाताळानंतर हरणाच्या शिकारीला जायचे असेल, तर तयार रायफल घ्यावी. पेनसिल्व्हानियात 1974 पासून चकमकीच्या बंदुकांसाठी असा वेगळा हंगाम आहे, आणि घडवलेली रायफल तोवर पुरी होणार नाही. पैसे वाचवण्यासाठी घडवायची असेल तर तो विचारच सोडावा. हत्यारे, चुकलेली लाकडे आणि वेळ यांचा हिशेब कधी जुळत नाही. नळी कोणत्याही परिस्थितीत जाणत्या उत्पादकाचीच घ्यावी आणि तिच्यात काळ्या दारूखेरीज काही घालू नये. आधुनिक धूरविरहित दारूने अशी नळी फुटते, आणि ही जोखीम पाय यांच्या अर्थाची नव्हे. पण एखादे काम बिघडू शकते या भीतीसह ते शेवटास नेणे काय असते, हे अडुसष्टाव्या वर्षी जाणून घ्यायचे असेल, तर कोरी फळी आणावी आणि एखाद्या जाणत्याच्या दुकानात बसून दस्ता कोरावा. हाताच्या कंपाचे मी काही लिहिले नाही. तो त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हे पत्र पाठवून आता काही महिने झाले. परवा त्यांचे उत्तर आले. फळी आणली, शेजारच्या गावातल्या एका कारागिराकडे शनिवारी जातात. लॉकची खाच मागच्या बाजूला केसभर जास्त गेली आहे. कारागीर म्हणाले, बारीक कपची चिकटवून झाकता येईल. त्यांनी दोन आठवडे विचार केला आणि फट तशीच ठेवली. आता नळीची खाच सुरू आहे. काजळी नखांतून निघत नाही, असे लिहिले आहे.