नाव निसर्गाचं, काम कोणाचं?

(वाचून झाल्यावर पुढच्याला द्यावे. भजी बांधायला वापरू नये.)

समस्त वाडीवाले, मच्छीमार बंधू-भगिनी, पर्यटकांना खोल्या देणारे घरमालक, आणि एस.टी. स्टँडमागच्या टपरीवर रोज सकाळी भरणाऱ्या हवामान खात्याचे सर्व सभासद यांस सप्रेम नमस्कार.

3 जून 2020 ला दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर जे वादळ चढलं त्याचं नाव 'निसर्ग'. नाव बांगलादेशाने सुचवलेलं, यादीत पाळी आली म्हणून त्याला लागलं. पण ते नाव गावाच्या फार पथ्यावर पडलं. कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: "निसर्गच तो! त्याच्यापुढे कोणाचं काय चालतं?"

वादळ ओसरल्यावर मी वाडीत शिरलो तर पायवाट सापडेना. पोफळी पुरुषभर उंचीवर काडीसारख्या मोडलेल्या, आणि मोडक्या खोडाला मिरीचा वेल तसाच हिरवागार बिलगलेला. माड मुळासकट आडवे. आजोबांनी लावलेलं जायफळ गडग्यावर पडलेलं. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. जायफळाचं विचारूच नका.

पण हे पत्रक रडगाणं गायला काढलेलं नाही. मागच्या महिन्यात टपरीवर, पृथ्वी माणसामुळे तापते का यावरून, जे भांडण झालं त्याचं हे उत्तर आहे. तिथे मला उंच आवाजात विचारलं गेलं, "दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं पडला, तेव्हा कुठे मोटारी होत्या?"

नव्हत्या. कबूल. हवामान पूर्वीही बदलत होतं, दुष्काळ पूर्वीही पडत होते, वादळं पूर्वीही येत होती. पण विहिरी पूर्वीही आटायच्या, म्हणून आज शेजाऱ्याने रात्री पंप लावून पाणी ओढलं नाही असं ठरतं का? आधी विहिरीत डोकावून बघावं लागतं. पाइप दिसला तर पाइपाविषयी बोलावं लागतं.

तर निसर्ग म्हणजे नक्की कोण, ते पाहू. एकेका संशयिताला समोर बसवून जबानी घेऊ.

पहिला सूर्य. 1978 पासून उपग्रह त्याचं तेज मोजत आहेत. अकरा वर्षांच्या फेऱ्यात ते किंचित वाढतं, किंचित उतरतं. पण पृथ्वी तापत गेली त्या काळात ते चढत गेलेलं नाही. शिवाय सूर्यच जास्त तापवत असता तर वरपासून खालपर्यंत सगळी हवा तापली असती. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा थर, ज्याला स्थितांबर म्हणतात, तो गार होतो आहे. गोधडी पांघरल्यावर ऊब आतच राहते, बाहेर कमी जाते, तसंच हे.

दुसरे, पृथ्वीच्या कक्षेचे आणि कलाचे फेरे. हिमयुगं यांनीच आणली, यांचा गुन्हा जुना आणि सिद्ध आहे. पण त्यांची चाल वीस हजार ते लाख वर्षांची. दीडशे वर्षांत सव्वा अंशाच्या आसपास ताप चढवणं त्यांच्या पायात नाही. उलट त्यांच्या हिशेबाने आपण सावकाश थंडीकडे जायला हवं होतं.

तिसरा ज्वालामुखी. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला तेव्हा जग तापलं नाही, तात्पुरतं अर्ध्या अंशाने निवलं. आणि जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

मग हवेत तो वाढला कुठून? औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत 280 भाग होता, आज 420 च्या पुढे आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो कधी 300 च्या फारसा वर गेलेला नाही. गंमत पुढेच आहे. कार्बनवर त्याच्या जन्माची खूण असते. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-14 असतो. तो 5,730 वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात आणि तेलात तो उरतच नाही. हवेत मिसळलेला नवा कार्बन नेमका असा आहे, जुनाट, कार्बन-14 नसलेला. त्यासोबत हवेतला प्राणवायूही, अगदी थोडा पण मोजता येईल इतका, कमी होतो आहे. काहीतरी जळतं तेव्हाच असं होतं. पाइप सापडला म्हणायचा तो हा.

"हे सगळं अलीकडचं परदेशी कारस्थान," असंही टपरीवर ऐकलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वीडनच्या अर्हेनियसने मांडलं 1896 मध्ये. मुंबईत प्लेग आला ते वर्ष. कारस्थान असेल तर भलतंच चिवट म्हणायचं.

आता वादळाचं. वादळ निसर्गाचंच, मी कुठे नाही म्हणतो? पण वाढलेल्या उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा समुद्र पोटात घेतो, आणि तापलेल्या पाण्यावर वादळ पोसतं. गेल्या चार दशकांत अरबी समुद्रातली वादळं वाढली, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. चूल निसर्गाची असेल, सरपण माणसाचं आहे.

आमच्या बाजूच्यांचेही कान थोडे उपटायला हवेत. गटार तुंबलं तरी 'क्लायमेट चेंज' म्हणून हात झटकणारे आता निघाले आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला खरा. पण मिठी नदीत भराव पावसाने घातला नव्हता. आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन खोल्या बांधायला कोणी तोडलं, ते या पत्रकात लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींना ठाऊक आहे.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी पदरचे पैसे घालून हे छापलं. आजवर जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. माणसं अमेरिकेच्या चौपट असूनही भारताचा वाटा त्यापुढे किरकोळ. म्हणूनच 2022 मध्ये शर्म अल-शेख इथल्या जागतिक हवामान परिषदेत गरीब देशांनी भांडून हानी आणि नुकसानीसाठी वेगळा निधी मान्य करून घेतला. त्यात पैसे फार थोडे आलेत, ते वेगळं. पण जो माणूस आपल्या मोडक्या पोफळीकडे बघून "निसर्गाने केलं" म्हणतो, तो ज्याच्याकडे येणं आहे त्याला स्वतःच्या सहीने माफी लिहून देतो. निसर्गावर दावा लागत नाही. कोळसा जाळणाऱ्यावर लागतो, मग तो परदेशातला असो की आपल्याकडचा. बांधावरून वीतभर जमीन गेली तर तीन पिढ्या कोर्टात जाणारी आपण माणसं. इथेच एवढे उदार का?

या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. ज्यांना पटलेलं नाही त्यांनी तिथे एक नैसर्गिक कारण लिहावं. अट एवढीच, की त्याने हवेत कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन भरला पाहिजे, प्राणवायू कमी केला पाहिजे, वरची हवा गार आणि खालचा समुद्र गरम केला पाहिजे, आणि हे सगळं कोळशाच्या खाणी वाढल्या त्याच काळात. कागद टपरीवर ठेवा, मी सकाळी सातला असतो. सापडलं तर पुढचं पत्रक माझ्या खर्चाने, तुमच्या नावाने.

आपला,
एक वाडीवाला